चौथ्या दरवाजानंतर

१२ जानेवारी १९९८

चांगदेव आज पुन्हा बोलला — "भाऊ, माझा गेम तयार आहे. तुमच्या भाषा कुठायत?" माझ्या भाषा! जसं काही मी त्या घरून डब्यात घालून आणतो. प्रोग्रॅम त्याचा आणि भाषांचं झेंगट माझ्या गळ्यात.

गेम सात दरवाजांच्या किल्ल्याचा. त्यात कुणी काही बोललं की त्या वाक्याला नंबर. नंबरापुढे इंग्रजी, हिंदी, गुजराती, मराठी असे रकाने. नंबर इकडचा तिकडे झाला की किल्ल्याचा पहारेकरी फुलवालीचं वाक्य बोलतो. काल बोलला. चांगदेव अर्धा तास हसत होता.

मराठी तेवढं राहिलंय. ते करतील तर अनसूयाबाईच. शाळेत आम्हाला मराठी शिकवायच्या, रिटायर होऊन आता पडघ्याला मुलाकडे असतात. फोन केला. म्हणाल्या, "कॉम्प्युटरमध्ये माझं मराठी? मला बघायला मिळेल ना पण?" म्हटलं, सगळ्यात आधी तुम्हालाच दाखवतो.

१९ जानेवारी

पहिल्या तीन दरवाजांच्या ओळी आल्या. बाईंचा मुलगा इथे भिवंडीत धामणकर नाक्यावर कामाला येतो, त्याच्याबरोबर पाठवल्या. काय लिहिलंय! इंग्रजीत म्हातारी पहारेकरीण नुसतं "विश्रांती घे" म्हणते. बाईंची म्हातारी म्हणते, "दमलास ना? बस जरा. पाणी पी, मग दार कुठलं ते सांगते." टाइप करताना मलाच तहान लागली.

एकच तक्रार. स्केचपेनने हे एवढालं अक्षर. एका कागदावर चार ओळी, त्याही उतरत खाली गेलेल्या. फळ्यावर इतकं रेखीव लिहिणारी बाई! कागद लावता लावता वैताग आला.

३० जानेवारी

चौथ्यापासून सातव्या दरवाजापर्यंतच्या ओळी आल्या. टाइप करून फ्लॉपीवर ठेवल्या. गेम विकत घेणारी पुण्याची कंपनी तारखेसाठी रोज फोन करतेय.

आज एक बरं काम झालं. चांगदेवकडून अशी सोय करून घेतली, की मराठीचा रकाना रिकामा सापडला तर गेम अडायचा नाही, त्याच नंबरचं हिंदी वाक्य दाखवेल. कल्पना माझी. चांगदेवने चहा पाजला.

४ फेब्रुवारी

लाइट नाही. काम नाही.

१० फेब्रुवारी

गेम पहिल्यापासून शेवटपर्यंत खेळलो. मी खेळलो, चांगदेव खेळला, खालचा कापडवाला येऊन खेळून गेला. कुठे अडत नाही. "एकदम मक्खन," चांगदेव म्हणाला. शुक्रवारी कापडाचे लूम बंद असतात, मागच्या गल्लीतली खडखड नसते, म्हणून बाईंना शुक्रवारी बोलावलंय.

१३ फेब्रुवारी

बाई येऊन गेल्या. सून विद्युल्लता त्यांना वर आणून सोडून बाजारात गेली. जिना फार सावकाश चढल्या, कठडा सोडला नाही. गुडघे धरले असतील. नवं लुगडं नेसल्या होत्या, माझ्यासाठी डब्यात नारळाच्या वड्या.

खुर्चीवर बसवलं. गेम सुरू केला. म्हणाल्या, "माधव, तू वाचून दाखव ना. तुझ्या तोंडून ऐकू दे." मी म्हटलं, "बाई, तुमचंच तर आहे, तुम्हीच वाचा की." पुण्याचा फोन यायचा होता, माझं सगळं लक्ष तिकडे. मी नुसता बटणं दाबत गेलो. पहिला दरवाजा, दुसरा... थेट सातवा. थोड्या वेळाने पुन्हा म्हणाल्या, "एखादी तरी ओळ वाच." मी "हो हो" म्हटलं आणि फोन घ्यायला उठलो.

शेवटी म्हणाल्या, "छान झालंय हो." बस, तेवढंच. मला वाटलं होतं, किती बोलतील! वड्या मात्र झकास होत्या.

२१ फेब्रुवारी

दुसऱ्या गेमचं विचारायला पडघ्याला फोन केला. विद्युल्लतावहिनींनी उचलला. "आई म्हणतात, पुढचं काम दुसऱ्या कुणाला तरी द्या." का, ते सांगेनात. बाईंना फोनवर बोलवा म्हटलं, तर त्या आडव्या पडल्यात म्हणे.

काय बिनसलं?

३ मार्च

पुण्याहून फोन. साहेब खवळलेला. "चौथ्या दरवाजापासून तुमचा मराठी गेम हिंदी बोलतोय. कुणी बघितलं होतं का नाही?"

फ्लॉपी! दुसऱ्या खेपेच्या ओळी टाइप केल्या, फ्लॉपीवर ठेवल्या, आणि गेमच्या फाइलमध्ये घालायच्याच राहिल्या. रकाने रिकामे. गेमने गुपचूप हिंदी दाखवलं — माझ्याच त्या सोयीने.

लावून बघितलं. चौथ्या दरवाजावर म्हातारी पुन्हा भेटते आणि म्हणते, "थक गए? बैठो, पानी पियो." मी हे कितीदा तरी वाचलंय आणि मला खटकलं नाही! चांगदेवला नाही, कापडवाल्याला नाही. खाली चहावाल्याशी हिंदी, रिक्षावाल्याशी हिंदी, वर येऊन मराठी, मध्येच पुन्हा हिंदी. अक्षरं तीच. डोळ्यांनी वाचलं आणि डोक्याने मराठीच समजून घेतलं. भिवंडीबाहेरच्या माणसाला एका मिनिटात दिसलं.

एकदा, एकदाच मोठ्याने वाचलं असतं तर माझ्याच कानांनी पकडलं असतं.

आणि बाई? समोर बसून त्यांनी हे सगळं बघितलं. त्यांना वाटलं असेल, आपल्या ओळी काढून टाकल्या, त्यांच्या जागी हिंदी घातलं. नवं लुगडं नेसून आल्या होत्या, आणि "छान झालंय" म्हणून गेल्या. मला तोंडावर लाजवलं नाही. म्हणूनच काम नको म्हणाल्या. कसला माणूस आहे मी.

४ मार्च

ओळी घातल्या. प्रत्येक ओळ मोठ्याने वाचून घातली.

पडघ्याला फोन करायला धीर होत नाही. तोंड काय दाखवू? पण जायलाच हवं.

८ मार्च

जाऊन आलो. बाई ओटीवर बसल्या होत्या. चप्पल काढायच्या आधीच सांगून टाकलं — बाई, चुकलो, तुमच्या ओळी घालायच्या राहिल्या होत्या, त्या दिवशी चौथ्या दरवाजानंतर सगळं हिंदी होतं, तुम्ही बघितलंत आणि मला एक शब्द बोलला नाहीत.

बाई माझ्याकडे बघत होत्या, पण माझ्या जरा बाजूला. विद्युल्लतावहिनी दारातून हळूच म्हणाल्या, दिवाळीपासून दिसणं कमी होत होतं, संक्रांतीनंतर फारच; तुमचे इंग्रजी कागदही मीच वाचून दाखवायचे.

"कुठलं हिंदी रे?" बाई म्हणाल्या. "मला नुसता उजेड दिसत होता. म्हणून तर म्हणत होते, वाचून दाखव."