मोठ्या जेटचं रेटिंग

३ जून, सकाळी ६.१०
नवी डायरी. आजपासून ग्राउंड स्कूल. बावीस वर्षं पंख्यांचं विमान चालवलं, ते कंपनीने मोडीत काढलं. आता मोठं जेट. प्रत्येक विमानाचं रेटिंग, म्हणजे ते चालवायचा परवाना, वेगळं; त्यामुळे माझे उड्डाणाचे अकरा हजार तास नुसते शोभेला. आधी वर्ग, मग लेखी, मग सिम्युलेटर, मग चेक, म्हणजे शेवटची परीक्षा.
ठराव: (१) रोज चार तास अभ्यास. (२) कुणावर डाफरायचं नाही. (३) पहिल्याच फटक्यात पास.
बायको काल तिच्या बहिणीकडे गेली. अभ्यासाला घर शांत लागतं हे तिला न सांगता कळलं. दोन्ही सुटकेसा नेल्या. एकीची चेन बिघडलीय, म्हणून असेल.

५ जून
वर्गात माझ्या वयाचा फक्त प्रोजेक्टर. शेजारी चष्मिस. जुन्या विमानावर सात वर्षं माझा कोपायलट, मीच घडवलेला. सिम्युलेटरलाही आमची जोडी. तो सहाव्या प्रकरणावर पोचला. मी मुद्दाम दुसऱ्यावर आहे. पाया पक्का हवा.
बायकोला फोन केला. मेव्हणीने उचलला. म्हणाली, भावोजी, ताई झोपलीय. दुपारी बारा वाजता! मजा आहे एकेकाची.

११ जून
रुसवाच आहे. कारण लिहून ठेवतो, म्हणजे विषय संपला. एप्रिलमध्ये तिच्या गाठीचं ऑपरेशन होतं. नेमकं त्याच दिवशी माझ्या विमानाचं शेवटचं उड्डाण. डॉक्टर स्वतः म्हणाले, छोटंसं आहे. तिला विचारलं तर म्हणाली, बघा, तुम्हाला जमेल तसं. याला परवानगीच म्हणतात. गेलो. अग्निशमनवाल्यांनी विमानावर पाण्याची कमान धरली, केक कापला, दोन टेक्निशियन रडले. तिच्यासाठी केकचा तुकडा घेऊन संध्याकाळी हॉस्पिटलमध्ये पोचलो, तर कॉट रिकामी. मेव्हणीने परस्पर घरी नेलं होतं. थोडी वाट बघायला काय झालं होतं?

२० जून
लेखी परीक्षा. पासिंग पंचाहत्तर, मला शहात्तर. गरजेपुरता अभ्यास ही एक कला आहे. चष्मिसला अठ्ठ्याण्णव. घोकंपट्टी, दुसरं काय.
चार तासांचा ठराव बदलून दोन तास. दर्जा महत्त्वाचा.

२ जुलै
सिम्युलेटर सुरू. यात स्टिअरिंगच नाही! डाव्या हाताशी एक छोटी दांडी, व्हिडिओ गेमसारखी. चष्मिसची त्याच्या उजव्या हाताशी. दोन्ही एकमेकींना जोडलेल्या नाहीत, त्यामुळे दुसरा काय करतोय ते हाताला कळत नाही. दोघांनी एकदम हलवल्या तर मशीन मोठ्यांदा ओरडतं.
आज अकरा वेळा ओरडलं. विमान चष्मिस चालवत होता, मी फक्त मदत करत होतो. आमचा इन्स्ट्रक्टर (शर्टाच्या कडक घडीवरून मी त्याला इस्त्री म्हणतो) म्हणाला, सर, तुमची पाळी नव्हती. मी म्हणालो, बावीस वर्षांची सवय आहे. तो म्हणाला, सर, तीच घालवायचीय.
शर्टाला घडी घालता आली म्हणजे शहाणपण येत नाही.

९ जुलै
आज सिम्युलेटरमध्ये टेकऑफला इस्त्रीने मुद्दाम इंजिन बंद पाडलं. मी क्षणात चेकलिस्ट सुरू केली, तोंडपाठ, न अडखळता. एक शब्द चुकला नाही. विमान चुकलं. चेकलिस्ट जुन्याची होती. सेशन नापास. जादा सेशन मिळणार, म्हणजे माझा अनुभव इतरांपेक्षा जास्तच होणार.
बायकोला मेसेज: अभ्यास उत्तम चाललाय, इकडची काळजी नको. दोन निळ्या खुणा आल्या. उत्तर नाही. पण वाचलं म्हणजे राग उतरतोय.

१४ जुलै
चष्मिस कँटीनमध्ये समोर येऊन बसला. चहा घेतला, प्यायला नाही. म्हणाला, सर, मी जोडीदार बदलून मागितलाय. तुम्ही मला सगळं शिकवलंत, पण तुम्ही मला चालवू देत नाही.
म्हणालो, खुशाल बदल. माझ्यासारख्याशेजारी बसायचं दडपण येतं पोराला, मी समजू शकतो.
नंतर पार्किंगमध्ये गाडीत जरा बसलो. एसीचा झोत थेट डोळ्यांवर येतो. दुरुस्त करून घ्यायला हवा.

२१ जुलै
चेक. नापास.

२२ जुलै
कमिटीसमोर सात मिनिटं. पुन्हा संधी नाही. जमिनीवरचं काम देताहेत: केबिन क्रूला दारं शिकवायची. त्यांनाही विमानागणिक वेगळं शिकावं लागतं, प्रत्येकाचं दार वेगळ्या तऱ्हेने उघडतं. विचार करतो म्हणालो. चष्मिस पास झाला.
घरी येऊन बायकोला फोन. तिलाच आधी सांगावंसं वाटलं. उचलला मेव्हणीने. म्हणाली, भावोजी, ताईचं दुसरं ऑपरेशन झालं, आठ तारखेला. या वेळी मोठं होतं.
मला का नाही कळवलं, म्हणून ओरडलो. ती शांतपणे म्हणाली, ताईनेच नको म्हटलं. म्हणाली, त्यांची परीक्षा आहे.
फोन ठेवून ही डायरी उघडली. आठ तारखेला काहीच लिहिलेलं नाही. नऊला मेसेज केलाय. म्हणजे तो तिने हॉस्पिटलच्या कॉटवर वाचला.

२४ जुलै
मेव्हणीकडे गेलो. ती म्हणाली, चार दिवसांनी आज ताईचा डोळा लागलाय, उठवू नका. खोलीबाहेर स्टुलावर बसलो. पावणेदोन तास.
उठली. भिंतीला धरून बाहेर आली. फार वाळलीय. आधार द्यायला उठलो, तोवर मेव्हणीने हात धरला होता.
गाडीत सगळं तीनदा म्हणून पाहिलं होतं. एक शब्द आठवला नाही. म्हणालो, मी नापास झालो.
ती म्हणाली, अरेरे. किती मन लावून करत होतात.
टोमणा नव्हता. टोमणा असता तर बरं झालं असतं.
म्हणालो, घरी चल. आता रोज पाच वाजता घरी असेन. सगळं मी करीन. तिने खुर्चीत बसताना एक हात कुशीला धरला होता. मग म्हणाली, तुम्ही असाल हो. पण मला आता वाट बघायचं होत नाही.
मेव्हणी दोन ताटं घेऊन आली. बायको तिला म्हणाली, अगं, त्यांचंही घे. मग माझ्याकडे बघून म्हणाली, जेवून जा.
जेवलो. ताट घासून ठेवलं. निघालो.