वेगळी कढई

आई, तुला जाऊन बारा वर्षं झाली, तरी तुझ्यावरचा माझा राग उतरलेला नाही. आइंडहोवनच्या त्या कँटोनीज हॉटेलात मी अजून दर शनिवारी दुपारी जेवतो. काचेत टांगलेली बदकं, पोपडे उडालेली टेबलं, न मागता आदळला जाणारा चहा, सगळं तसंच आहे. तू सहा महिने राहायला आलीस तेव्हा बदकांकडे पाठ करून बसायचीस आणि आपल्याच गोल टेबलावर बसणाऱ्या हाँगकाँगच्या दोन आजोबांशी खुशाल मराठीत बोलायचीस. ते त्यांच्या भाषेत उत्तर द्यायचे आणि कुणाचं काही अडायचं नाही. तिथलं टोफू-मशरूम तर तुला इतकं आवडलं, की शुक्रवारीच विचारायचीस, उद्या जायचंय ना? पहिल्याच दिवशी मात्र तू खात्री करून घेतली होतीस. "कढई वेगळी आहे ना रे?"

"हो गं, विचारलंय मी."

चौथ्या महिन्यात एकदा तू हात धुवायला मागे गेलीस आणि स्वयंपाकघराचं दार उघडं होतं. एकाच कढईत डुकराचं मांस परतून, ती नुसती विसळून, त्यात तुझं टोफू पडताना तू पाहिलंस. परत येऊन ताट बाजूला सारलंस. त्या आजोबांपैकी एक जण तुला वाढायला लागले तर वाटीवर हात धरलास. दुसऱ्या दिवशी नवीन पातेलं आणायला लावलंस आणि उरलेले दोन महिने माझ्याच घरात त्यात स्वतःपुरतं शिजवून खाल्लंस. सुनेच्या हातची पोळीसुद्धा नाही. छोटी मला इंग्रजीत विचारायची, आजी आपल्यावर चिडलीय का? दोन थोबाडीत मारल्या असत्यास तर परवडलं असतं. तू मावशीला फोनवर सांगितलंस, "इथलं पाणी मानवत नाही गं मला." मला पाठीशी घातलंस आणि पुन्हा कधी आली नाहीस.

तूच नको इतकं ताणलंस, परदेशात एवढं सोवळं कोण पाळतं, असं मी बायकोला आजही सांगतो. हे पत्र कुठेच जाणार नाही, म्हणून खरं लिहितो. पहिल्या दिवशी ऑर्डर घेताना मालकीणबाईंनी आपणहून विचारलं होतं, "आईंसाठी दुसरी कढई काढू का? आमच्यातल्या शाकाहारी लोकांसाठी ठेवलेली आहे, पण थोडा वेळ लागेल."

मला भूक लागली होती. मी म्हणालो, "राहू द्या, तिला काय कळतंय."