पाकिटातले तुकडे

वेल्हे,
रविवार, ता. ८ फेब्रुवारी २०२६

खुर्शिदा, तुला सरूचा सलाम न् नमस्कार, दोन्ही घे.

हितं आमी सगळी बरी. उस्मानभाईंचा गुडघा कसा हाय? भोरच्या जिन्यानं वाढला असंल. त्यांना म्हणावं, ऐट नको, कठडा धरून उतरा. तुझ्या लेकाचा, वसीमचा टेम्पो परत गॅरेजात न्हाई ना? तुझ्या सुनेची, फिजाची कंबर राहिली का दुखायची? आणि तिच्या धाकटीचा खोकला? आल्याचा रस मधात चाटव, लगेच बाटली आणायला पळू नका.

आता तुझ्या पार्सलाचं. "पोचलं" असं आमच्या सूनबाईनं, वनितानं, तुला फोनवर सांगितलं. "आत्यांना आवडलं" हे तिनं पदरचं घातलं. मी तसं म्हणाले न्हवते.

अगं, उभा जन्म तू जुनी लुगडी कापायची न् म्या त्यांची गोधडी शिवायची. भिंतीला भिंत लागून घरं, मधल्या ओट्यावर आपली वाकळ पसरलेली. आणि भोरला लेकाकडं राहायला जाऊन चार महिने होत न्हाईत, तर तू मला बाजारातले कापून तयार तुकडे धाडतेस! सोबत चिठ्ठी, "सरू, आता तुझं अडायला नको." जेवायला बोलवावं न् दारात डबा ठेवून निघून जावं, तशातली गत.

पाकीट फोडलं. तळहाताएवढे चौकोन, सगळे सारखे, कडा करवतीच्या दातासारख्या. मग म्या काय केलं असंल? जे आपण कायम करतो ते. अर्धे तुकडे घमेल्यात भिजत घातले. न धुतलेलं कापड वाकळंत घालायचं न्हाई, हे तूच मला शिकवलंस. चोळले, पिळले, कुंपणावर वाळत घातले. संध्याकाळी बघते तर चौकोन म्हणावा असा एक उरला न्हवता. कुणी आक्रसला, कुणाची सुतं सुटून दाढी लोंबायला लागली, तांबड्यानं पांढऱ्याला नासवलं.

वनितानं कपाळाला हात लावला. "आत्या, हे आधी शिवायचं न् मग धुवायचं. पाकिटावर लिहिलंय की!"

"इंग्रजीत लिहिलंय," म्या म्हणलं. "आणि चिखलानं भरलेलं पोर तू आधी पंगतीला बसवून मग आंघोळीला नेतीस का?"

हसू नकोस.

पाकिटात गुण न्हाईत असं मी म्हणणार न्हाई. देवाला तोंड दाखवायचंय. कोरडे राहिलेले तुकडे वनितानं घेतले. जिनं आजवर सुईत दोरा ओवला तो फक्त बटणापुरता, तिनं चार दुपारी बसून बाळाचं दुपटं जोडलं. कोपऱ्याला कोपरा असा मिळाला, की खोड काढायला मला चष्मा पुसून यावं लागलं. कापायची कटकट न्हाई, चिंध्यांचा पसारा न्हाई, रंग जुळवून दिलेले. नव्यानं शिकणारीला बरं हाय. पण शिवणीत दाबायला कापड जेमतेम. एक टाका हुकला की तुकडा तोकडा पडतो, न् त्याच्या जोडीचा दुसरा कुठं मिळत न्हाई. काही तर धाग्याला तिरके कापलेले, ओढले की तोंड वाकडं करतात. आणि कापड असं कडक, की अंगावर पापड घेतल्यावाणी. दुपटं सुबक झालं, पण एकदा बघितलं की बघून झालं. तुझ्या वाकळंत हिरव्याशेजारी जांभळं का, ह्यावर मी थंडीभर भांडायचे, न् शेवटी तुझंच खरं निघायचं.

परवा वरल्या आळीची बनाबाई आली. आईची मऊ सुती लुगडी गाठोड्यात बांधून. नातीच्या बाळाला वाकळ पायजे.

"पण कापायला खुर्शिदाच पायजे हां," म्हणली.

"ती भोरला ग्येली."

"मग? भोर काय विलायतंत हाय?"

गाठोडं ठेवून चालती झाली. आता ते माझ्याकडं बघतंय न् मी त्याच्याकडं. त्याला कात्री लावायची माझी छाती न्हाई. मला सरळ रेघ कधी कापता आली?

तुला फोन करावा तर तू "सगळं झकास" म्हणतेस न् फोन फिजाकडं देतेस. वर सगळ्यांची विचारपूस केली न् तुझी केली न्हाई, ती विसरून न्हवं. विचारलं असतं तर तू पुन्हा झकासच लिहिलं असतंस.

मला ठाऊक हाय, खुर्शिदा. तुझा उजवा हात थरथरतो. चहाचा कप दोन्ही हातांनी धरतेस. कात्री पेटीत घालून ठेवलीस. फिजाकडनं म्या काढून घेतलं सगळं. तिला बोलशील तर बघ, "अम्मींना सांगू नका, मावशी" म्हणून पोर रडली. तू मला कळू दिलं न्हाईस, न् हितं मी वनितापाशी तुला नावं ठेवत बसले, लेकाच्या राज्यात सुस्तावली, शहरगावची झाली, म्हणून. आता हा राग मी कुठं नेऊन टाकू, सांग.

बरं, ऐक. बनाबाईची लुगडी सुती हायत. सुती कापड फाडलं की धाग्यानं सरळ जातं. दातानं कड कुरतडायची, एक टोक तू धरायचं, एक म्या, न् ओढायचं. हात थरथरू दे की, ते टर्रकन फाटणारच. चौकोन न्हाई जमले तर पट्ट्या होतील. पट्ट्यांची वाकळ काय ऊब कमी देती? राहिलं रंगाशेजारी रंग लावणं. ते काम तुझ्या हातानं कधी केलं? ते डोळ्यांचं काम. तू खाटेवर बसून नुसतं "हे हिकडं, ते तिकडं" म्हण. भांडायला मी हायच.

हे पत्र टेम्पोवाल्या पप्पूकडं देते, तो बुधवारी भोरला येतोय. तू हो म्हणलीस तर शुक्रवारच्या सकाळच्या एसटीनं गाठोडं घेऊन येते, फाट्यावर गाडी बदलून. चार दिस राहीन. तुझ्या मनातच नसंल तर तसं लिही, मी लुगडी बनाबाईला जशीच्या तशी परत करीन. दुसऱ्या कुणाशी जोडी लावून हे काम मला करायचं न्हाई. फक्त "बघू" लिहू नकोस. हो तर हो, न्हाई तर न्हाई.

आणि पप्पू परत निघायच्या आत उत्तर लिही. फिजाला लिहायला बसवू नकोस, तुझ्याच हातानं लिही. अक्षर कितीही हललेलं असू दे, मी लावून घेईन.

वाट बघणारी,
सरू