हॉर्न वाजवू नये

३ नोव्हेंबर, सोमवार

नोकरी लागली. एकोणपन्नासाव्या वर्षी, चौथी शिकलेल्या बाईला, खुर्चीत बसायची नोकरी! झाडू नाही, फरशी नाही. गासच्या रस्त्याला एक बैठं घर आहे, त्यात हे कॉम्प्युटरवाले बसतात. माझं काम एकच. फोन वाजला की उचलायचा, तक्रार काय ती रजिस्टरात लिहायची.

अक्षर सुधारावं म्हणून सिद्धेशसरांनी ही डायरी दिली. दोन वर्षांपूर्वीची, कोरी पडलेली. म्हणाले, मावशी, रोज चार ओळी लिहा, तुमचं लिहिलेलं आम्हाला वाचता आलं पाहिजे. सर म्हणायचं म्हणे. मला मुलगा असता तर याच्याच वयाचा असता. असो.

निर्मळहून सायकलने वीस मिनिटं. वाटेत गासच्या वळणावर चिंचेखाली दगडी विहीर आहे, तिच्या कठड्यावर जरा टेकले. वारा छान होता. घरी सांगितलं तर ताई एका बाजूने हसली. दुसरी बाजू पाच वर्षांपूर्वीच गेलीय तिची, अंथरुणालाच असते. म्हणाली, मग आता साहेबीण झालीस, माझी वेणी कोण घालणार? मी म्हटलं, साहेबीणच घालेल, गप पड.

ताईचं नाव लिहीत नाही. मोठ्या बहिणीचं नाव घेत नाहीत आमच्यात. आई गेल्यापासून ते कुणाच्या तोंडात आलेलं नाही.

४ नोव्हेंबर, मंगळवार

आज ॲनिशाने सगळं समजावलं. गिरीजची पोरगी आहे, सरांच्या हाताखाली काम करते, जीभ माझ्यासारखीच तिखट. टँकरवाल्यांसाठी यांनी अकरा वर्षांपूर्वी सॉफ्टवेअर बनवलं. कोणता टँकर कुठल्या विहिरीवर भरायचा, कोणत्या गल्लीत घालायचा, सगळं त्यात. आधीच्या पोरांनी प्रत्येक अडचणीला वेगळा तुकडा लिहून ठेवला. या विहिरीवर दहानंतर जाऊ नये. त्या दारी लांब पाइप लागतो. पोरं नोकरी सोडून गेली, तुकडे तसेच राहिले. आता त्या ओझ्याने सगळं रखडतं.

म्हणून साफसफाई. जो तुकडा कुणी वापरत नाही तो पडद्यावर आपोआप करडा पडतो. असे करडे तुकडे सोमवारी बंद करायचे. सात दिवस वाट बघायची. बाहेरून कुणी ओरडलं, नाव घेऊन सांगितलं की अमुक नाही, तर परत चालू करायचे. कुणी नाही ओरडलं तर पुढच्या सोमवारी दुपारी बाराला कायमचे पुसायचे. पुसलं की परत नाही.

आतल्या, म्हणजे ऑफिसातल्या माणसाची तक्रार धरत नाहीत. ॲनिशा म्हणाली, नाहीतर जो तो आपलाच कचरा कवटाळून बसतो.

मला पटलं. माझ्या माळ्यावर पण एवढी अडगळ आहे.

७ नोव्हेंबर, शुक्रवार

चार दिवसांत एकच माणूस फोन करतो. कळंबचा सिप्रियन, म्हातारा. आज तिसऱ्यांदा. म्हणे, बाई, आमच्या घरातून कायतरी गेलंय. काय गेलंय विचारलं तर सांगता येईना. म्हणे, सकाळी दोन कप मांडतो, दुसरा कुणाचा ते आठवत नाही. आता हे मी रजिस्टरात काय लिहू? नाव सांगा म्हटलं, तर नुसता श्वास. मग मी म्हटलं, बाबा, दोन कप आहेत तर दोनदा चहा प्या, आणि ठेवून दिला फोन.

ॲनिशा पोट धरून हसली.

१० नोव्हेंबर, सोमवार

पहिली सफाई झाली. रजिस्टर कोरं. बाराला पुसलं, सरांनी समोसे मागवले. ॲनिशाने यादी वाचून दाखवली, सव्वीस तुकडे. गासची चिंचेची विहीर, कळंब प्रिस्काबाईच्या दारी लांब पाइप, असलंच सगळं. सॉफ्टवेअर आता पळतं म्हणे. मलाही टाळ्या वाजवायला लावल्या.

सिप्रियनचा फोन आला नाही. बरं झालं.

१२ नोव्हेंबर, बुधवार

दुपारी डबा खाताना ही डायरी पहिल्यापासून वाचली. पहिल्या पानावर विहीर लिहिलीय. कसली विहीर? गासच्या वळणावर मोकळं रान आहे, मी रोज जाते. चिंचपण नाही. अक्षर माझंच, कोंबडीने उकरल्यासारखं. ॲनिशाला विचारलं तर म्हणाली, मावशी, उन्हात सायकल चालवू नका.

मग ते दोन कप आठवले. रजिस्टरात काही नाही, पण फोनमध्ये नंबर होता. मीच लावला. विचारलं, तुमच्या घरात प्रिस्का कोण? म्हातारा मजेत होता. म्हणाला, चुकीचा नंबर, बाई, मी जन्माचा एकटा. पाठीमागे कपबशी धुतल्याचा आवाज येत होता. एकाच कपाचा.

डबा तसाच झाकून ठेवला.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार

सरांना सांगितलं. ऐकून घेतलं त्यांनी, मान हलवली, मग म्हणाले, मावशी, आम्ही फक्त न लागणारं काढतो. मी म्हटलं, बाईमाणूस न लागणारं कसं? म्हणाले, कुठली बाई?

खरंच माहीत नाही त्यांना. खोटं बोलणाऱ्याचे डोळे मला कळतात.

१७ नोव्हेंबर, सोमवार

नवी यादी लागली. एकोणीस तुकडे. मी स्वतः वाचली, बोट ठेवून.

अकरावा : निर्मळ, जयवंतीच्या दारी हॉर्न वाजवू नये, आत आजारी बाई आहे.

जयवंती म्हणजे मी, आणि हे मीच सांगितलं होतं. पाच वर्षांपूर्वी. ताई नुकतीच पडली होती, टँकरच्या हॉर्नने दचकायची, रडायची. मी ड्रायव्हरच्या अंगावर धावून गेले होते, तेव्हा त्याने ऑफिसला फोन करून लिहून घ्यायला लावलं. नंतर नळ आला. टँकर यायचा बंद झाला. मग तुकडा करडा पडणारच.

ॲनिशाचा हात धरला, हा नको बंद करू म्हटलं. म्हणाली, बंद झालाय, सकाळी नऊला. पण सोमवारपर्यंत आहे ना वेळ, कुणी ओरडलं तर उघडते.

सायकल टाकून रिक्षाने घरी आले. ताई आहे. आहे. वेणी घातली.

१८ नोव्हेंबर, मंगळवार

रजिस्टरात मीच तक्रार लिहून ठेवली. सरांनी फोनच्या यादीशी ताडून बघितली, असा फोनच नाही म्हणाले. बाहेर जाऊन मोबाइलवरून लावला. माझा नंबर आतल्यांच्या यादीत आहे, आपोआप कटतो.

ताईची बोटं करडी दिसतात. उन्हात नेऊन बघितली. करडीच.

१९ नोव्हेंबर, बुधवार

शेजारच्या हेमालीला म्हटलं, एक फोन कर गं, म्हण, ताई नाही. ती हसली. कोणाची ताई? पाच वर्षं हिच्याकडून ताईला मोगरा येतो, रोज. म्हटलं, गजरा कुणासाठी देतेस मग? म्हणाली, तुम्हीच मागता, काकी, म्हातारपणी शौक.

डॉक्टरकडे गेले. ताईच्या केसपेपरवर माझं नाव, माझं ब्लडप्रेशर.

ताईला माझ्याशिवाय कुणी नाही. मी आतली. म्हणजे कुणीच नाही.

२० नोव्हेंबर, गुरुवार

ॲनिशा काल कबूल झाली होती, गुपचूप उघडते म्हणून. आज विचारलं तर काय उघडू म्हणाली. यादी दाखवली. वाचली तिने. म्हणाली, टँकर जातो का तिथे? नाही ना? मग?

ताई आता बोलत नाही. ओठ हलतात. मला शाळेत घालायला हिने स्वतःचं दप्तर सोडलं होतं. हे लिहून ठेवते. हे मला माहीत असलं पाहिजे.

२१ नोव्हेंबर, शुक्रवार

नोकरी सोडली. आता मी बाहेरची. माझा नंबर यादीतून काढा म्हटलं, सोमवारी काढतो म्हणाले. मी भांडले, खुर्ची आपटली. सोमवारी सकाळी पहिलं काम तेच करतो, अशी शपथ घेतली सरांनी. माझ्या जागी दुसरी बाई येणार आहे. तिला मीच शिकवलं दुपारी. नाव सांगता आलं तरच लिहायचं, नाहीतर फोन ठेवून द्यायचा, असं मीच —

२२ नोव्हेंबर, शनिवार

दोन ताटं मांडली. दुसरं कशाला, आठवेना. उभीच राहिले. मग पलंगाकडे बघितलं — हो, ताई.

उशीला खळगा आहे. डोकं अगदी थोडंसं.

२३ नोव्हेंबर, रविवार

भात एकटीचाच लावला.

जेवता जेवता ही वही वाचली. ताटातला शेवटचा घास — तोंडातून काढला. पलंग मोकळा वाटतो. चादर उचलायची हिंमत नाही. वेणी घालायची तर हाताला केस लागतात, दिसत नाहीत. थंड आहेत.

कोण आहे ते वहीत आहे. वही खाली ठेवायची नाही.

२४ नोव्हेंबर, सोमवार

सकाळी नऊपासून लावते. कट. कट.

बाराला दहा कमी असताना लागला. नवी बाई. माझ्यासारखीच घाईची. काय गेलंय बोला लवकर. म्हटलं, माझी बहीण. नाव सांगा. ताई. ताई तर सगळ्याच असतात, नाव सांगा.

नाव —

रेशनकार्डावर एकटीचं नाव. आईच्या फोटोत आई आणि मी, मध्ये जागा. ही वही पहिल्यापासून बघितली. विहिरीचं नाव आहे, म्हाताऱ्याचं आहे, प्रिस्काचं आहे, त्या हेमालीचंसुद्धा आहे. तिचं नाही. सगळीकडे ताई, ताई. मीच लिहिलं नाही. मोठी म्हणून.

म्हटलं, थांबा हो, ठेवू नका, घरात दोन ताटं मांडली जातात. ती म्हणाली, मग दोनदा जेवा.

फोन तिने ठेवला नाही अजून. श्वास ऐकू येतोय. बाराला दोन मिनिटं कमी. आठवेल — आई अंगणातून हाक मारायची, मी मागे उभी, मला दिसतंय, आई तोंडाला हात लावते, मोठ्याने, अगं ए —