आपोआप कसं?

रविवार, बेंबळी

आत्ता पुण्याहून माझ्या पीएचडीच्या सरांचा फोन आला होता. शोधनिबंधावर पहिलं नाव निखिलचं राहील म्हणाले. निखिल त्यांचा नवा विद्यार्थी, त्यानं फक्त लिहून काढलाय. मी म्हटलं, प्रयोग तर माझा आहे ना? तर म्हणाले, "अगं, ते रेणू आपोआप रचले जातात. त्यात तू वेगळं काय केलंस?"

आपोआप. कार्बनचे ते पोकळ, चेंडूसारखे रेणू नुसत्या सोन्यावर सोडले तर वाटेल तिथं गोळा होतात. आधी सोन्यावर दुसऱ्या रेणूंची जाळी बसवावी लागते, तेव्हा कुठं एकेका भोकात एकेक चेंडू बसतो. ती जाळी जमवण्यात माझं अख्खं वर्ष गेलं. तेव्हा निखिल लॅबमध्ये आलाही नव्हता. आपोआप म्हणे.

हे सगळं तावातावानं आईला सांगितलं. ती शेंगा फोडत बसली होती. म्हणाली, "हे सरांना बोललीस का?"

"न्हाय."

"मग मला सांगून काय उपेग?"

लगेच परत फोन लावला. म्हटलं, "सर, पहिलं नाव माझं नसेल तर मी सूक्ष्मदर्शकातून काढलेली त्या रेणूंची एकही इमेज वापरू नका." सर हसले. "बरं, तुझं टाकतो पहिलं. एवढं मनाला कशाला लावून घेतेस?"

नाव मिळालं. मग अजून एवढा संताप का होतोय? माझंच होतं ते, आणि तरी माझ्या तोंडून "थँक्यू सर" निघालं.