जामखेडच्या टाकीची न झालेली चाचणी

मी, कानिफनाथ रंगनाथ दारकुंडे, वय वर्षे बहात्तर, धंदा कारखानदारी, राहणार सावेडी, अहिल्यानगर, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीत आणि कोणाच्याही दडपणाशिवाय लिहून ठेवत आहे. माझं डोकं ठिकाणावर असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. फुप्फुसांचा दाखला जोडलेला नाही, त्यांचं काय झालंय ते दोन वाक्यं बोललो की ऐकणाऱ्याला कळतं. २०१९ साली केलेलं मृत्युपत्र मी रद्द करतो. त्यात मिळकतीची वाटणी बरोबर होती, पण एक गोष्ट मी मुद्दाम लिहिली नव्हती.

कलम १. सावेडीतला बंगला मुलगा हर्षल याला द्यावा. बँकेतल्या ठेवी नात संस्कृती हिच्या शिक्षणासाठी आहेत. तिने इंजिनिअरच व्हावं असा आग्रह कोणी धरू नये.

कलम २. माझी मोजमापाची हत्यारं फोरमन हनुमंत याला द्यावीत. त्यातला मोठा व्हर्नियर त्याने २००३ साली एका दिवसासाठी नेला तो अजून परत यायचा आहे. आता निदान त्याची पेटी तरी घेऊन जावी.

कलम ३. धाकटा भाऊ पुंजाराम याला काही देऊ नये. माझ्या पत्नीच्या, शोभाच्या दहाव्याला, घाटावरून परत येताना त्याने शेताच्या बांधाचा विषय काढला होता. त्या दिवसापासून मी त्याच्याशी बोललेलो नाही आणि आता बोलण्याइतका दमही उरलेला नाही.

कलम ४. नागापूर एमआयडीसीतली शोभा इंजिनिअरिंग वर्क्स ही कंपनी, यंत्रसामग्री आणि नावासह, हर्षलला द्यावी. १९८९ साली एक लेथ आणि एक वेल्डिंग मशीन यांवर मी ती सुरू केली. आज तिथे बेचाळीस माणसं हवेच्या दाबाच्या टाक्या आणि वाफेची भांडी बनवतात. मात्र पुढचं कलम हर्षलने कंपनीच्या फाटकावर महिनाभर लावून ठेवावं. तसं केलं नाही तर कंपनी विकून ती रक्कम कामगारांत वाटावी.

कलम ५. हे कलम मी आठ वर्षं टाळलं.

२०१६ साली जामखेडजवळच्या एका पशुखाद्य कारखान्याने आमच्याकडून हवेची मोठी टाकी घेतली. अशी टाकी बाहेर पाठवण्यापूर्वी तिच्यात पाणी भरून हातपंपाने दाब चढवतात आणि अर्धा तास थांबतात. काटा हलला नाही तरच टाकी पास. गिऱ्हाइकाला टाकी दसऱ्याच्या मुहूर्तावर हवी होती, आणि आम्ही ती पुरी केली खंडेनवमीच्या दुपारी. तोवर शोभाने हत्यारं पुजली होती. चाचणीचा पंपही पाटावर होता, त्याला हळदकुंकू लागलं होतं. पुजलेलं हत्यार दसरा उलटल्याशिवाय हलवायचं नाही, ही माझी आई बनुबाई हिची शिस्त. ती मी कारखान्यातही पाळत आलो होतो.

टाकीचा जोड मारणारा वेल्डर बन्सी मुरूमकर माझ्या टेबलाशी आला. म्हणाला, "सायेब, खालचा जोड चालू असताना लाईट गेल्ती. मला त्याचा भरवसा न्हाई. टेस्ट झाल्याबिगर पाठवू नका."

मी म्हणालो, "अरे, तुझ्या हातचा जोड आहे. पंप पूजेत आहे, आता कुठे उचलतोस?"

मी त्याच्यादेखत चाचणीच्या दाखल्यावर सही केली, शिक्का मारला, आणि दसऱ्याच्या सकाळी टाकी झेंडूची माळ घालून टेम्पोत चढवली.

पंप पूजेत होता म्हणून चाचणी राहिली, असं मी स्वतःला पुष्कळ वर्षं सांगितलं. ते खोटं आहे. नमस्कार करून पंप उचलला असता तर कोणताही देव रागावला नसता. मला गिऱ्हाईक नाराज करायचं नव्हतं, बस.

पुढच्या जून महिन्यात टाकी खालच्या जोडातून फाटली. तिथे काम करणारा आसाराम, वय चोवीस, जागीच गेला. त्याला ती नोकरी बन्सीनेच लावून दिली होती, दोघं एकाच वस्तीवरचे. चौकशीला अधिकारी आले तेव्हा मी दाखला पुढे केला आणि सांगितलं की टाकी बसवायला गेलेल्या बन्सीने तिथे कोणाला न विचारता तिला वेल्डिंग केलं, त्यामुळे जोड कमजोर झाला. बन्सीने तिथे फक्त बोल्ट आवळले होते. आदल्या दिवशी मी त्याला शब्द दिला होता, "सहा महिने गप्प राहा, परत घेतो." मी त्याला परत घेतलं नाही. आधी केस चालू होती म्हणून, आणि नंतर त्याचं तोंड बघवेना म्हणून.

माणूस मारलेला वेल्डर म्हणून त्याला एकाही कारखान्याने उभं केलं नाही. तो पत्र्याच्या शेडची कामं करू लागला आणि २०२१ साली अशाच एका शेडवरून पडून वारला. मातीला वस्तीवरचं कोणी आलं नाही.

आसारामचा जीव माझ्या सहीने गेला. बन्सी निर्दोष होता. हे मी लिहून देतो.

कलम ६. कंपनीशेजारचा माझ्या नावचा गाळा बन्सीची पत्नी सत्यशीला हिला द्यावा.

इथपर्यंतचा मजकूर हर्षलने वाचला. म्हणाला, "अप्पा, हे फाटकावर लावलं तर एक तरी ऑर्डर येईल का? तुम्ही सुटाल, निस्तरायचं मी." त्याचं बरोबर आहे. मी मेल्यावर तो हा कागद फाडेल अशी भीती मला वाटते, आणि पोटच्या पोराबद्दल असं लिहावं लागतं याची शरमही वाटते.

म्हणून आज सत्यशीलाबाईंना जामखेडहून बोलावून घेतलं आणि वकील अनिमेष यांनी त्यांना कलम ५ आणि ६ वाचून दाखवली. त्या रडल्या नाहीत. मला म्हणाल्या, "हे मेल्यावर व्हय? जिता हायेत तवर तोंडानं का न्हाई सांगत?"

मी गाळ्याचं पुन्हा सांगितलं, तर म्हणाल्या, "तुमचा गाळा मला नगं. घेतला तर लोक म्हनतील, घेऊन गप बसली. साक्षीला सही कुठं करायची असती?"

अनिमेष म्हणाले, ज्याला मृत्युपत्राने काही मिळतं त्याने साक्षीदार होऊ नये, उद्या कोर्टात शंका निघते.

"मग ते कलम खोडा," त्या म्हणाल्या.

कलम ७. सबब कलम ६ मी रद्द करत आहे. साक्षीदाराने मजकूर गुप्त ठेवला पाहिजे असा काही कायदा आहे का, हे सत्यशीलाबाईंनी वकिलांना माझ्यासमोर दोनदा विचारून घेतलं. तसा कायदा नाही. संध्याकाळच्या एसटीने त्या वस्तीवर परत जाणार आहेत आणि आधी आसारामच्या आईकडे जाणार आहेत. मी त्यांना थांबवलेलं नाही.

ठिकाण: सावेडी, अहिल्यानगर
दिनांक: १४ नोव्हेंबर २०२५

लिहून देणार: कानिफनाथ रंगनाथ दारकुंडे (सही)

आम्हा दोघांसमक्ष त्यांनी सही केली आणि त्यांच्यासमक्ष आम्ही केली:

१. अ‍ॅड. अनिमेष कुलकर्णी, अहिल्यानगर (सही)

२. सत्यशीला बन्सी मुरूमकर, ता. जामखेड (सही)
(पत्त्याखाली त्यांनी स्वतःच्या अक्षरात लिहिलेलं: नवरा वेल्डर होता. पाठवू नका, असं त्यानं सांगितलं होतं.)