बोथट गार

२६ मार्च २०११, शनिवार, उरायासु

नळाला अजून पाणी नाही! सकाळी टँकरच्या रांगेत तासभर. दोन कॅन माझे, दोन हागिवारा बाईंचे.

बाई आमच्या इमारतीमागच्या घरात राहतात. वय शहात्तर, एकट्याच. भूकंपाच्या दिवशी आमच्या इथली जमीन ताकासारखी पातळ झाली. रस्त्यातून वाळू आणि पाणी वर आलं आणि बाईंचं घर अख्खंच्या अख्खं एका बाजूला कललं. एक काच फुटली नाही, पण घरात चालताना चढ-उतार लागतो. आमची इमारत खोल खांबांवर उभी, म्हणून सरळ.

कॅन ठेवून निघालो तर बाई म्हणाल्या, "तेंडोलकर-सान, तुम्ही यंत्रांमधले. एक वस्तू बघाल का?"

कपाटातून लांबलचक गाठोडं काढलं. मला वाटलं छत्री-बित्री. सोडलं तर बंदूक! ठासणीची, आणि तीही चकमकीची! दीड-दोनशे वर्षांपूर्वी डच लोकांनी आणलेल्यांपैकी. नोंदणीचा सरकारी कागद प्लास्टिकमध्ये घालून दोऱ्याने बांधलेला. अशा बहुतेक बंदुकांचे चाप मागाहून बदलून टोपीचे केले, म्हणजे गारगोटीच्या ठिणगीऐवजी दारूची छोटी टोपी फोडणारे. ही तशीच राहिली आहे. मूळची.

सावंतवाडीला मामांच्या दुकानात सहा वर्षं बंदुकांचे चाप घासले मी. सगळ्या टोपीच्या. चकमकीची एकदाच आली होती, तिला मामांनी मला हात लावू दिला नाही. "तुझ्या हाताक अजून वळण नाय," म्हणाले. चाळीस वर्षं झाली. आज हात लावला.

बाईंचे यजमान तीन वर्षांपूर्वी गेले. ते दर नव्या वर्षाला अंगणात उभे राहून नुसता चाप ओढायचे. दारू नाही, गोळी नाही, नुसत्या ठिणग्या. "यंदा मी ओढून पाहिला. ठिणगी नाही. बिघडली का? मला मे महिन्यात नागोयाला मुलीकडे जायचंय. जावई म्हणतो, बंदूक घरात नको. चांगली आहे की नाही, तेवढं सांगा."

घोडा मागे घेतला, चाप ओढला. ठक्! एका आवाजात कळलं. घोड्याच्या जबड्यातली गार, ती ठिणगीची गारगोटी, बोथट आहे, बाकी सगळं तरुण! स्प्रिंगचा खणखणीतपणा माझ्या कानाने बरोबर पकडला. याच कानांवर तर जुन्या यंत्रांचा धंदा उभा केलाय. जुनी लेथ चालू करून दिली की बेअरिंग कुठे मेलंय ते मी डोळे मिटून सांगतो.

आणि तोंडातून काय निघालं? "हं... बघावं लागेल."

हे तोंड माझं नव्हे, धंद्याचं. माल आवडला की पहिल्यांदा नाक मुरडायचं. दुसऱ्या भेटीत दोष काढायचे. तिसऱ्या भेटीत उपकार केल्यासारखं म्हणायचं, बरं, राहू दे माझ्याकडे. पंचवीस वर्षं असाच माल उचलत आलो.

विकायची नाही मला ती. मला हवी आहे.

२८ मार्च

आज दुसरी भेट. नगरपालिकेचा माणूस घराचा कल मोजायला आला होता. बाई त्याच्यामागे बाहेर. घराच्या कोपऱ्याला ओळंबा लावून दोघं चांगली वीस मिनिटं मान वर करून उभी. मी आत बंदुकीजवळ.

पितळी पट्टी खिशात नेली होती — म्हणजे मनात काय होतं ते उघडच आहे. गारेच्या काठावर खालच्या अंगाने हलक्या टिचक्या मारल्या. कपच्या उडाल्या, काळी चकचकीत धार वर आली. चाप ओढला. चर्रर्र! पोलादी पानावरून खालच्या वाटीत ठिणग्यांचा नुसता सडा! मी एकटाच हसलो, लहान पोरासारखा.

मग — लिहितो, इथे कोण वाचतंय — घोड्याचा स्क्रू सैल केला, धारदार गार काढून खिशात टाकली आणि यजमानांच्या सुट्या गारांच्या डब्यातली एक झिजलेली गार बसवली.

बाई आत आल्या. मी त्यांच्यासमोर चाप ओढला. ठक्. पुन्हा ठक्.

"स्प्रिंग थकली आहे," मी म्हणालो. "पानाचं पोलाद मऊ पडलंय. चाप गेल्यातच जमा."

"असं का," बाई म्हणाल्या. बंदुकीकडे पाहिलं, मग चहा ओतला. कपातला चहा एका कडेला टेकला होता, दुसरी कड कोरडी.

घासाघीस नाही, एक शब्द उलट नाही. म्हणजे सौदा माझ्या बाजूला झुकतोय. चांगलं लक्षण.

मग सबंध संध्याकाळ अंग टाकवत का नाही? दोनदा कॅलेंडर सरळ केलं. ते वाकडं नव्हतं.

६ एप्रिल

पाणी आलं!! आधी गढूळ, मग स्वच्छ. बाईंकडे सांगायला गेलो, त्यांना कळलं होतंच. आता कॅन घेऊन जायचं निमित्त संपलं.

१० एप्रिल, रविवार

पुण्याला बायकोला फोन. सुलेखा चारुताला घेऊन सोळा मार्चलाच गेली, बहिणीकडे आहे. चारुता फोनवर जपानीत बोलते, मावशी वैतागते.

सुलेखाला बंदुकीचं सांगितलं. धारेचं, ठिणग्यांचं. मग गार बदलल्याचंही सांगितलं, कारण मला वाटलं ती हसेल.

हसली नाही. "अहो, आवडली तर सरळ मागा ना! महिनाभर पाणी भरताय त्यांचं. नाही म्हणणार आहेत का?"

"सरळ मागितलं की किंमत चढते."

"कुणाची?"

विषय बदलला. तांदूळ मिळतो का, सांडपाण्याची लाइन दुरुस्त झाली का वगैरे. चारुता मागून ओरडली, "बाबा, ओमियागे!" — येताना काहीतरी आणा म्हणून. या पोरीला सगळं सरळ मागता येतं.

११ एप्रिल

पुन्हा मोठा धक्का. टेबलाखाली बसलो होतो, हातात ती गार. कधी घेतली ते आठवत नाही.

१७ एप्रिल

शैलेंद्र तोयोसुहून जेवायला आला. आयटीतला, पंधरा वर्षांनी लहान, पण मला बिनधास्त चिडवतो. टेबलावर गार आणि कपच्या पाहून म्हणाला, "नंदूशेठ, अश्मयुगात शिफ्ट होताय का?"

मागच्या बाईंच्या बंदुकीची म्हणालो आणि त्याला दाखवलं. गार सुरीसारखी घासून धार लागत नाही, घासलीत की ती आंधळी होते. काठावर नेमका ठोका द्यायचा, कपची उडाली की खालून कोरी धार निघते. चामड्याच्या तुकड्यात गुंडाळून घोड्याच्या जबड्यात धरायची. धार पोलादाला सगळीकडे सारखी टेकली पाहिजे. वाकडी बसली की एकाच कोपऱ्यावर झिजते. पंधरावीस ठोक्यांनंतर आवाज बदलतो, तेव्हा पुन्हा कपची.

"आणि ही आजींची आहे?"

"हो."

"तुमच्याकडे कशी?"

सांगितलं. शैलेंद्रने भाकरी खाली ठेवली. "म्हणजे चालणारी वस्तू मोडकी आहे म्हणून सांगितलंत. आणि आजींचा तुमच्यावर विश्वास आहे."

"धंद्यात याला खोटं म्हणत नाहीत रे. समोरच्यालाही माहीत असतं."

"आजींना माहीत आहे?"

पिठल्याचं पातेलं त्याच्यापुढे सरकवलं. पिठलं मात्र चांगलं झालं होतं, दोनदा त्यानेच वाढून घेतलं.

२४ एप्रिल

तिसरी भेट. बाईंचं घर निम्मं खोक्यांत. सरकतं दार आपोआप उघडतं म्हणून खाली जाड पुस्तक लावलंय.

गाठोडं भिंतीला टेकून. मी ठरवून गेलो होतो: त्या म्हणतील, "काय करायचं हिचं?" मग मी म्हणेन, "बरं, राहू दे माझ्याकडे."

बाईंनी विचारलं, "दुरुस्त होणार नाही ना, तेंडोलकर-सान? नक्की?"

आत्ता! हीच वेळ होती. पण सौद्यात जो आधी बोलतो तो पडतो. ही सवय हाडात गेली आहे. मी मान हलवली. "कठीण आहे."

"असं का."

मी थांबलो. त्या थांबल्या. किती वेळ! भिंतीवरचं घड्याळसुद्धा तिरकं लटकलेलं, टिकटिक ऐकत होतो. त्या काही म्हणाल्या नाहीत. किंमत नाही, घ्या नाही, नको नाही. शेवटी मुळ्याचं लोणचं बांधून दिलं आणि मी घरी आलो.

एवढ्या वर्षांत समोरच्याचं गप्प राहणं मला ऐकू येत आलंय. थकलेलं, लोभी, घाबरलेलं — आवाज असतो त्याला. बाईंचं ऐकू येत नाही.

२ मे

बैठकीच्या खोलीत येरझाऱ्या. खाली राहणाऱ्यांनी दार वाजवलं — "काही त्रास आहे का?" माफी मागितली.

७ मे, हामामात्सु

इथे एक लेथ बघायला आलो. चालू केली, कान लावला, आणि काहीच ऐकलं नाही. म्हणजे आवाज येत होता, माझं चित्त नव्हतं. मालक म्हातारा, हसरा. मी सवयीने नाक मुरडायला गेलो आणि मध्येच थांबलो. म्हटलं, "चांगली आहे. उत्तम ठेवली आहे तुम्ही." तो इतका खूश झाला की नातवाचे फोटो दाखवत बसला! सौदा झालाच. कुणी पडलं नाही.

निघताना त्याच्याकडे चामड्याचा पातळ तुकडा मागितला. कशाला, असं न विचारता कापून दिला.

१० मे

परत आलो. ठरलं. परवा सकाळी जायचं. उद्या गोदामात माल उतरायचा आहे, नाहीतर उद्याच गेलो असतो.

जपानीत काय बोलायचं ते कागदावर लिहिलं. चार वेळा खोडलं. "मी खोटं बोललो" हे जपानीत फार लहान वाक्य आहे. पुढे काय? आधी नवीन चामडं घालून गार बसवेन, त्यांच्या अंगणात चाप ओढेन. ठिणग्या त्यांना बघू दे. मग बोलेन. मग त्यांनी बंदूक द्यावी, न द्यावी, हाकलून द्यावं. तिच्यासाठी घर शोधायचं असेल तर मी शोधून देईन. एखादं संग्रहालय, कुणीतरी जाणकार.

सुलेखाला फोन केला. "एवढे दिवस लागले?" म्हणाली. पण आवाज मऊ होता.

१२ मे, गुरुवार

गेलो तेव्हा दारात ट्रक, मुलगी खोकी चढवत होती. बाई म्हणाल्या, "सोमवारी बंदूक पोलिसांकडे देऊन आले. कापून वितळवतात म्हणे. चालत असती तर तुम्हालाच द्यायची होती हो, पहिल्या दिवसापासून. पण तुम्ही इतकं पाणी भरलंत आमचं. मोडकी वस्तू कशी तुमच्या हातात ठेवायची? तुम्ही स्पष्ट सांगितलंत म्हणून वाचले मी." आणि त्या कमरेत वाकल्या, बराच वेळ वाकूनच होत्या.